मुलीला केंपोच्या वर्गात घालावं का, आणि वर्ग चांगला की वाईट हे कसं ओळखावं?

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगी आठवीत, गावच्या पंचायत सभागृहात नुकताच केंपो या युद्धकलेचा वर्ग सुरू झालाय आणि तिला तिथे जायचंच आहे. घरात मात्र एकमत नाही. आजीला वाटतं, मुलीच्या जातीने हाणामारी कशाला शिकावी. वडील म्हणतात, शिकायचंच तर कराटे शीक, ते निदान सगळ्यांना ठाऊक तरी आहे. ताईंचे प्रश्न असे: केंपो कराटेपेक्षा वेगळं कशात, त्यात काही विचार आहे की नुसते ठोसे आणि लाथा, मुलगे-मुली एकत्र जोडीने सराव करतात ते योग्य का, आणि यातलं काहीच ठाऊक नसलेल्या माणसाने वर्गाची पारख करायची कशी.

ताई, मी शोरिंजी केंपो करते, त्यातच वाढले आणि आता फोंड्याच्या बाजूला मुलांना आणि मोठ्यांनाही शिकवते. माझा कल त्या पद्धतीकडे आहे हे धरूनच पुढचं वाचा.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. शिक्षकांना सांगून वर्गावर जा, एकदा नको, दोन-तीनदा जा, आणि भिंतीला टेकून बसा. मांडलेल्या ट्रॉफ्या किंवा सरांची उंच किक याने भुलून जाऊ नका. जोडीने सराव सुरू झाला की ज्याच्यावर तंत्र केलं जातंय त्याच्या चेहऱ्याकडे बघा. तो घाबरलेला आहे का? हात पिळला गेल्यावर त्याने मांडीवर थाप मारली की समोरचा त्याच क्षणी सोडतो का? जमलं नाही तर का जमलं नाही ते दोघं मिळून शोधतात का, की मोठा लहानाला पाडून मोकळा होतो? अर्ध्या तासात जे कळायचं ते कळतं. केंपो ही दुसऱ्याच्या अंगावर शिकायची विद्या आहे, आणि तो दुसरा उद्या आनंदाने परत यायला हवा. माझ्या मते केंपोतली सगळी तत्त्वं या एका गरजेतून आलेली आहेत.

आता केंपो म्हणजे काय. या नावाखाली बऱ्याच पद्धती चालतात आणि त्यांचं एकमेकींशी फारसं देणंघेणं नसतं. जपानच्या ओसाकात १९३२ मध्ये मुनेओमी सावायामा यांनी निप्पॉन केंपो सुरू केलं. डोक्याला, छातीला चिलखतासारखी साधनं चढवायची आणि मग खऱ्या ताकदीने भिडायचं, ही त्याची ओळख. ओकिनावात शिगेरू नाकामुरा यांचं ओकिनावा केंपो आहे. हवाई बेटांवर जेम्स मितोसे आणि विल्यम चाऊ यांच्यापासून एक परंपरा निघाली. चाऊ यांचे शिष्य एड पार्कर यांनी १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात पॅसाडीनाला वर्ग काढला आणि अमेरिकन केंपो घडवलं. १९६४ मध्ये पार्कर यांनीच लाँग बीचला भरवलेल्या स्पर्धेत ब्रूस लीने प्रात्यक्षिक दाखवलं होतं. हवाईतच काजुकेंबो जन्मलं, ज्यात कराटे, ज्यूदो, केंपो आणि चिनी बॉक्सिंग एकत्र आणलं गेलं. आणि मी करते ते शोरिंजी केंपो जपानच्या शिकोकू बेटावरच्या तादोत्सू या छोट्या बंदरगावात १९४७ मध्ये सो दोशिन यांनी सुरू केलं.

तेव्हा 'केंपोचा वर्ग' एवढंच ऐकून काही ठरवता येत नाही. सरांना सरळ विचारा: तुमचं कुठलं केंपो, तुम्ही कुणाकडे शिकलात, आणि तुम्ही अजून कुणाकडे शिकायला जाता का? हा तिसरा प्रश्न माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा. ज्याला वरती कुणी विचारणारा उरलेला नाही, अशा शिक्षकाच्या हाती मूल देताना मी दहादा विचार करेन.

कराटेशी तुलना तुमच्या यजमानांसाठी करते. कराटे वाईट नाही, उत्तम कराटे शिकवणारे शिक्षक गोव्यात आहेत आणि तसे जवळ असतील तर खुशाल तिथे घाला. फरक सरावाच्या घडणीत आहे. आपल्याकडच्या बऱ्याच कराटे वर्गांत मुलं रांगेत उभी राहून ठोसे, ब्लॉक आणि काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, घोटतात, जोडीचं काम त्या मानाने कमी. शोरिंजी केंपोत एकट्याने करायचे प्रकार आहेतच, पण मुख्य भर जोडीवर. तंत्रांचे तीन भाग असतात: मारणं, अडवणं, लाथ हे गोहो, पकडीतून सुटणं, सांधा वळवून पाडणं हे जूहो, आणि अंगावरच्या बिंदूंवर दाब देऊन थकवा, दुखणं हलकं करणं हे सेइहो. पहिले दोन वेगवेगळे शिकवले तरी सरावात एकमेकांत मिसळतात. ब्लॉक केला, हात हाती लागला, की तिथूनच मनगट वळवायचं.

एक गोष्ट तुमच्या कानावर नक्की येईल, म्हणून सांगून ठेवते. 'हे सगळं मूळ भारतातलंच, कांचीपुरमच्या बोधिधर्म या बौद्ध भिक्षूंनी चीनमधल्या शाओलिन मठात नेलं.' ऐकायला अभिमान वाटतो, आणि शाओलिन परंपरेत ही कथा आदराने सांगितलीही जाते. पण बोधिधर्मांबद्दलच्या जुन्यात जुन्या चिनी लिखाणात युद्धकलेचा उल्लेख सापडत नाही, आणि ज्या व्यायामग्रंथाचा आधार दिला जातो तो १७व्या शतकातला आहे. मुलांना मी ही कथा कथा म्हणूनच सांगते. त्यापेक्षा मला शाओलिन मठातलं भित्तिचित्र मोलाचं वाटतं. सावळ्या आणि गोऱ्या वर्णाचे भिक्षू त्यात जोड्याजोड्यांनी सराव करताहेत. सो दोशिन तरुणपणी चीनमध्ये होते, तिथल्या गुरूंकडे शिकत होते, तेव्हा त्यांनी ते पाहिलं. एकमेकांना हरवायला नव्हे, एकमेकांना घडवायला चाललेला सराव त्यांना त्यात दिसला, आणि पुढे त्यांनी आपल्या पद्धतीत जोडीला जे स्थान दिलं ते त्या चित्रावरून, असं ते सांगत.

दुसरा धागा युद्धाचा. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा ईशान्य चीनमधल्या मांचुरियात शिरल्या तेव्हा सो दोशिन तिथेच होते. कायदा, सैन्य, सरकार सगळं कोसळलेलं, आणि सामान्य माणसाचं जगणं-मरणं समोर आलेला अधिकारी कसा आहे यावर ठरत होतं. शेवटी सगळं माणसाच्या गुणवत्तेवर अवलंबून असतं, हा त्यांचा निष्कर्ष. परत आले तर हरलेला, उपाशी देश आणि रस्त्यावर भरकटलेली तरुण पोरं. त्या पोरांना त्यांनी तंत्राच्या ओढीने जमवलं आणि घामाबरोबर विचारही दिला. अर्धं स्वतःच्या सुखासाठी, अर्धं दुसऱ्याच्या सुखासाठी, हे त्यांचं वाक्य आजही जगभरच्या शाखांत म्हटलं जातं. मला त्यातलं पहिलं अर्धं फार आवडतं. आपल्याकडे मुलींना दुसऱ्यासाठी जगायला शिकवणारे पुष्कळ असतात. आधी स्वतः नीट उभी राहा, असं सांगणारे थोडे.

आता तत्त्व प्रत्यक्षात कसं उतरतं ते एका साध्या तंत्रावरून दाखवते. समजा कुणी तुमच्या मुलीचं मनगट घट्ट धरलं. पहिल्यांदा सगळेच हात मागे ओढतात, आणि ओढाओढीत जो ताकदवान तोच जिंकतो. आम्ही सांगतो, आधी पाचही बोटं ताणून पसर. मनगट ताठ होतं आणि पकड किंचित उसवते. मग कोपर अंगाजवळ घे, गुडघे वाकवून कंबर खाली आण, आणि हात खेचण्याऐवजी तूच अर्धं पाऊल पुढे सरक. धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात तिथे पकड सर्वात कच्ची असते. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडे वळवायची आणि कोपर पुढे नेत हात काढून घ्यायचा. जमलं की आवाजही होत नाही, हात नुसता निसटतो. चाळीस किलोची मुलगी ऐंशी किलोच्या माणसाच्या मुठीतून अशी सुटलेली मी पाहिली आहे, आणि त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी मी शिकवते.

पण हे शिकायला धरणारा हवा, आणि त्याने कसं धरावं ही त्याची जबाबदारी. खोटं-खोटं धरलं तर मुलीला काहीच कळत नाही, उलट आपल्याला येतं असा भ्रम होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. मुद्दाम दगडासारखं धरलं तर पहिल्या आठवड्यातली पोर हिरमुसून घरी जाते. तिला जेवढं पेलेल त्याच्या जरासं वर, असं धरायचं आणि ती सुधारेल तशी पकड वाढवत न्यायची. ताई, तुम्ही चवथीला फुगडी घातली असेल. मागे झुकायचं ते समोरचीच्या भरवशावर, आणि तिने हात ढिला सोडला तर दोघीही पडतात. जोडीचा सराव अगदी तसा. म्हणून मी नव्या मुलाला तंत्राआधी धरायला शिकवते. चांगला धरणारा झाला की निम्मं केंपो आलं.

मारण्याच्या बाबतीतही असंच. शोरिंजी केंपोत ठोसा लागू पडण्यासाठी पाच गोष्टी बघतात: कुठे मारायचं ती जागा, किती अंतरावरून, कुठल्या कोनाने, किती वेगाने, आणि समोरचा त्या क्षणी सावध आहे की मोकळा. या पाचांत ताकद नाही, ही गोष्ट लहान चणीच्या मुलींना मी आवर्जून दाखवते. अंतर तर रोज वेगवेगळ्या उंचीच्या माणसांसमोर उभं राहिल्याशिवाय कळतच नाही. आरशासमोर कितीही ठोसे मारले तरी समोरचा लांब हातांचा मुलगा कुठून पोचतो हे आरसा सांगत नाही.

आजींच्या शंकेचं उत्तर इथेच आहे. आमच्याकडे बचाव आधी, प्रतिहल्ला नंतर, असा नियम आहे आणि तंत्रंही तशीच रचलेली आहेत. पहिली हालचाल बाजूला होण्याची, अडवण्याची किंवा सुटण्याची. दुसरं तत्त्व माणसाला जायबंदी न करता वाचवण्याचं. तिसरं असं, की प्रेमाशिवाय ताकद म्हणजे दांडगाई आणि ताकदीशिवाय प्रेम दुबळं, म्हणून दोन्ही एकत्रच वाढवायचं. हे आदर्श म्हणून छान वाटतंच, पण कायदाही याच बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि कलम ३७ सांगतं की बचावासाठी जेवढी आवश्यक तेवढीच इजा करण्याची मुभा आहे. पडलेल्या माणसाला वरून तीन लाथा घालायचा सराव घेणारे वर्ग मी पाहिलेत. तसं दिसलं तर मुलीला घेऊन उठा.

मुलगे-मुली एकत्र, याबद्दल मी ठाम आहे. एकत्र हवं. रस्त्यात मनगट धरणारा बहुधा पुरुष असणार, आणि त्याचं वजन, त्याच्या हाताची लांबी वर्गात सुरक्षितपणे अनुभवलेली बरी. मुलग्यांनाही याची तेवढीच गरज आहे. समोरचीने थाप मारली की सोडायचं, नको म्हणाली की थांबायचं, हे चौदाव्या वर्षी अंगात मुरलं तर पुढे खूप काही टळतं. पण एकत्र म्हणजे मोकाट नव्हे. कुठे हात लागणार हे शिक्षकाने आधी सांगायला हवं, जोडी बदलून मागायची मुभा हवी, दारं उघडी हवीत, पालकांना कधीही येऊन बसता यायला हवं आणि एखादी जबाबदार बाई हजर असायला हवी. गोव्यात बालकांसाठी २००३ चा स्वतंत्र बाल कायदा आहे, देशभर लागू असलेला २०१२ चा पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदाही आहे. 'तुमच्याकडे याबाबत काय व्यवस्था?' असं विचारल्यावर जो शिक्षक दुखावतो, त्याच्याकडे नका घालू. चांगल्या शिक्षकाला हा प्रश्न ऐकून बरंच वाटतं.

दुखापतीबद्दल थोडक्यात. या वयात हाडांची वाढ चालू असते, म्हणून सांध्यावरची तंत्रं हळू आणि झटका न देता करायची. डोक्यावर ठोसे-लाथा शाळकरी मुलांना मी देऊ देत नाही. काही स्पर्धांत हलक्या स्पर्शाचे आणि पूर्ण ताकदीचे असे वेगळे गट असतात, तर तुमच्या वर्गात कुठल्या गटाची तयारी चालते ते विचारून घ्या. डोक्याला मार बसून मुलगी गोंधळली, उलटी झाली, डोकं दुखत राहिलं, तर त्या दिवशीचा सराव तिथेच बंद आणि थेट डॉक्टर. 'चालतं, सवय होईल' हे या एका बाबतीत कधीच ऐकायचं नाही.

केंपोवाल्या माणसांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मुलगी टिकली तर ती त्या माणसांमुळेच टिकेल. आमचा वर्ग देवळाच्या अग्रशाळेत भरतो. आदल्या रात्री तिथे कुणाचा साखरपुडा झालेला असतो, प्लास्टिकच्या खुर्च्या अस्ताव्यस्त, फरशीवर फुलांच्या पाकळ्या आणि सांडलेल्या सरबताचे चिकट डाग. सरावाआधी झाडणं-पुसणं हा आमच्याकडे सरावाचाच भाग. झाडू ब्लॅक बेल्टवाला घेतो आणि नवा मुलगा त्याच्याबरोबर खुर्च्या उचलतो. मग सगळे समोरासमोर उभे राहून हात जोडतात. आपल्या नमस्कारासारखंच, फक्त कोपरं बाजूला, बोटं डोळ्यांच्या पातळीवर, आणि मान झुकत नाही, नजर समोरच्याच्या नजरेत. शिक्षक विद्यार्थ्याला आणि विद्यार्थी शिक्षकाला अगदी एकसारखे हात जोडतात. त्यानंतर थोडा वेळ डोळे मिटून शांत बसणं, सराव, आणि मध्ये किंवा शेवटी काही मिनिटं बोलणं: शाळेतली भांडणं, कुणाचा राग, वर्तमानपत्रातली बातमी. आमच्याकडे ख्रिस्ती मुलं येतात, मुसलमान मुलं येतात. शांत बसणं म्हणजे पूजा नाही, श्वासाकडे लक्ष देणं आहे, हे मी प्रत्येक पालकाला पहिल्याच दिवशी समजावते आणि कुणाला हात जोडायला संकोच वाटला तर जबरदस्ती करत नाही.

गाव लहान असलं की कोण कुठल्या वाड्यावरचा, कुणाचा कोण, हे सगळ्यांना पाठ असतं. वर्गात दर काही मिनिटांनी जोडी बदलते, तेव्हा बँकेतला साहेब, खाणीवर ट्रक चालवणारा आणि दहावीची पोर एकमेकांची मनगटं धरतात, एकमेकांना सांभाळून पाडतात आणि हात देऊन उठवतात. हे महिनोनमहिने झालं की माणसं एकमेकांशी वेगळं बोलायला लागतात. आमच्यातल्या एकाच्या घरात पावसाळ्यात पाणी शिरलं तेव्हा सर्वात आधी वर्गातलीच पोरं पोचली होती. कुणी सांगितलं नव्हतं.

आता स्पर्धा आणि बेल्ट. शोरिंजी केंपोच्या स्पर्धेत मुख्य प्रकार एम्बू. दोघांनी मिळून रचलेलं हल्ल्या-बचावाचं सादरीकरण करायचं, आणि गुण जोडीला मिळतात, एकट्याला नाही. बाकीच्या केंपोंत काता, थेट लढत असे प्रकार आहेत आणि मुलीला लढतीची हौस असेल तर त्यात गैर काही नाही. गोव्यात २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्यापासून पालकांची या खेळांकडे बघायची नजर बदलली आहे, हे मी रोज अनुभवते. गोवा बोर्डाच्या क्रीडा गुणांसाठी मात्र कुठली स्पर्धा ग्राह्य धरली जाते हे शाळेतल्या पी.ई. शिक्षकांकडूनच पक्कं करून घ्या, वर्गाच्या जाहिरातीवर विसंबू नका. काळ्या पट्ट्याची प्रथा १८८०च्या दशकात ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांच्याकडून आली. त्याचा अर्थ पाया पक्का झाला, एवढाच. नियमित येणाऱ्या मुलाला तिथवर पोचायला तीन-चार वर्षं तरी लागावीत. कुणी वर्षात देतो म्हणाला, किंवा दर दोन महिन्यांनी परीक्षा फी मागू लागला, तर तुम्ही काय ते समजून घ्या.

मुलीला पहिल्या महिन्यात ट्रॅक पँट आणि साधा टीशर्ट पुरे. ड्रेस लगेच विकत घेऊ नका, आणि घ्यायची वेळ आली की दोन घ्या, कारण पावसाळ्यात आपल्याकडे एक ड्रेस दोन दिवसांत वाळत नाही आणि दमट कपड्यात सराव केला की गजकर्ण ठरलेलं. मॅट रोज पुसतात का आणि पुसून उन्हात किंवा पंख्याखाली उभी करतात का, तेही बघून या. नखं कापलेली हवीत, पायांचीसुद्धा. कानातलं, बांगड्या, गळ्यातलं घरी. केस घट्ट बांधून, पण पिन नको, पडताना टोचते. आणि पहिल्या दिवशी वर्ग सुटल्यावर 'काय शिकवलं?' असं विचारण्याआधी 'तुझ्या जोडीला कोण होतं, कसं वागलं?' हे विचारा.